वाचकांचे प्रश्न : टेबलाशी चौघे, खरा एकच

स्टीफन हॉकिंग 'स्टार ट्रेक'मध्ये हॉकिंग म्हणूनच पत्ते खेळले, असा ओझरता उल्लेख गेल्या अंकात आला होता. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यालाच देऊन टाकलं आहे.

ज्यांनी तो प्रसंग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेच्या सहाव्या पर्वाचा शेवटचा भाग, नाव 'डिसेंट', जून १९९३. यानावर होलोडेक नावाची एक खोली असते. सांगाल ते ठिकाण आणि सांगाल ती माणसं ती हुबेहूब उभी करते. डेटा नावाचा यंत्रमानव तिथे पोकरचा डाव मांडतो. समोर न्यूटन, आइन्स्टाइन आणि हॉकिंग. इतिहासातली तीन मोठी डोकी एका टेबलाशी बसली तर एकमेकांशी कशी वागतील, एवढंच त्याला पाहायचं असतं. शेवटी हॉकिंग डाव मारतात, तेवढ्यात धोक्याचा भोंगा होतो आणि खेळ मोडतो.

प्रश्न : ते खरेच हॉकिंग होते की कुणी नट? आणि केंब्रिजचा प्राध्यापक हॉलिवूडच्या सेटवर पोचला कसा? (सांगली)

खरेच हॉकिंग. स्टार ट्रेकमध्ये स्वतःचीच भूमिका करणारा एकमेव माणूस म्हणून आजही त्यांचंच नाव घेतलं जातं. बाकीचे तिघे नट होते. आइन्स्टाइन झालेले जिम नॉर्टन याच मालिकेत १९९१ साली एकदा आइन्स्टाइन होऊन गेले होते. न्यूटन जॉन नेव्हिल यांनी केला, डेटा ब्रेंट स्पायनर यांनी. संवाद रोनाल्ड मूर यांचे.

निमित्त वेगळंच होतं. 'अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम'वर एरल मॉरिस यांनी केलेला माहितीपट व्हिडिओवर येणार होता आणि त्याच्या प्रचारासाठी हॉकिंग पॅरामाउंट स्टुडिओत आले होते. मालिकेत काम करायची त्यांची इच्छा मूळ मालिकेत स्पॉकची भूमिका करणारे लेनर्ड निमॉय यांच्या कानावर गेली. निमॉयनी ती निर्माते रिक बर्मन यांच्यापर्यंत पोचवली आणि हॉकिंगसाठी हा प्रसंग लिहिला गेला. यानाच्या वार्प इंजिनाच्या, म्हणजे प्रकाशाहून वेगाने नेणाऱ्या इंजिनाच्या, सेटपुढून नेताना हॉकिंगनी 'यावर माझं काम चालू आहे' असा शेरा मारल्याची गोष्ट तेव्हापासून सांगितली जाते. गंमत अशी की पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, मिगेल अल्कुबिएरे या मेक्सिकन शास्त्रज्ञाने सापेक्षतेच्या समीकरणांत बसणारा वार्पचा आराखडा खरोखर छापला. त्याला ऋण ऊर्जा लागते, ही त्यातली मोठी मेख. हॉकिंग मात्र त्या काळात उलट्या बाजूला उभे होते. प्रकाशाहून वेगाने जाता आलं तर भूतकाळातही जाता येईल, आणि असा प्रवास निसर्गच होऊ देत नसावा, असं अनुमान त्यांनी १९९२ मध्येच मांडलं होतं.

एक फरक लक्षात घ्या. त्याच सहाव्या पर्वात मे जेमिसन याही दिसतात. त्या खऱ्या अंतराळवीर, पण मालिकेत लेफ्टनंट पामर नावाच्या अधिकारी झाल्या. खरा माणूस पडद्यावर येणं वेगळं आणि 'स्वतः' म्हणून येणं वेगळं. दुसऱ्यात तोंडी येणारं प्रत्येक वाक्य त्या माणसाच्या खात्यावर जमा होतं.

प्रश्न : हॉकिंग यंत्रातून बोलत. मग संवाद त्यांनी तिथे बसून टाइप केले का? बाकीच्यांना ताटकळत बसावं लागलं असेल. (नाशिक)

हे समजण्यासाठी १९९३ सालची त्यांची यंत्रणा डोळ्यांपुढे आणावी लागेल. १९८५ मध्ये जिनिव्हात त्यांना न्यूमोनिया झाला, श्वासनलिकेला छेद द्यावा लागला आणि होता तो आवाजही गेला. त्यानंतर वॉल्टर वोल्टोझ यांनी दिलेली 'इक्वलायझर' ही आज्ञावली ते वापरू लागले. केंब्रिजच्या डेव्हिड मेसन यांनी छोटा संगणक आणि वाणीयंत्र चाकांच्या खुर्चीवरच बसवून दिलं.

काम असं चाले. पडद्यावर शब्दांची यादी असते आणि कर्सर आपला आपण त्यावरून फिरत राहतो. हातात एक खटका. हव्या जागी कर्सर आला की खटका दाबायचा, शब्द उचलला जातो. एकेक शब्द जमवत वाक्य पुरं झालं की ते वाणीयंत्राकडे पाठवायचं. खटका क्षणभर उशिरा दाबला गेला तर कर्सर पुढे निघून जातो आणि पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते. सगळं सुरळीत चाललं तर मिनिटाला जेमतेम १५ शब्द. या प्रसंगातलं त्यांचं सर्वांत लांब वाक्य इंग्रजीत २० शब्दांचं आहे, म्हणजे ते नुसतं जुळवायला ८० सेकंद. दूरदर्शन मालिकेत ८० सेकंदांची शांतता कुणी ठेवत नाही.

म्हणून दुसरी सोय कामी येते. जुळवलेली वाक्यं साठवून ठेवता येत आणि नंतर एकेक करून बोलवता येत. हॉकिंग व्याख्यानं अशीच देत : मजकूर आधी तयार, सभागृहात फक्त एकापाठोपाठ एक वाक्य सोडायचं. पटकथेतल्या संवादांनाही हाच मार्ग.

आता नट म्हणून त्यांच्या हातात काय उरलं ते बघा. यंत्राचा सूर चढत नाही, पडत नाही. टोमणा आणि व्याख्यान एकाच सुरात. हशा वसूल करायला दोनच गोष्टी शिल्लक : वाक्य सोडण्याचा नेमका क्षण आणि चेहऱ्यावरचं हसू. तो प्रसंग पुन्हा पाहाल तेव्हा पत्ते उघडल्यावरचा त्यांचा चेहरा बघा. तिथे संवादाची गरजच नाही.

तो आवाज मुळात एमआयटीतले डेनिस क्लॅट यांच्या आवाजावरून घडवलेला, म्हणून उच्चार अमेरिकी. पुढे कितीतरी चांगले आवाज निघाले, पण हॉकिंगनी हाच ठेवला. लोक त्यांना त्याच आवाजाने ओळखत. जुनं यंत्र कधीही बंद पडेल या भीतीने त्याची नक्कल सॉफ्टवेअरमध्ये उतरवण्याचा खटाटोप बरीच वर्षं चालला होता. तो तडीस गेला २०१८ च्या सुरुवातीला, त्यांच्या निधनाच्या काही आठवडे आधी.

प्रश्न : प्रसंगाच्या सुरुवातीला हॉकिंग बुधाबद्दल काहीतरी विनोद सांगतात. आइन्स्टाइन हसतो, न्यूटन तोंड वाकडं करतो. मी भौतिकशास्त्र शिकवतो, तरी मला तो नीट लागला नाही. (कराड)

कारण आपल्याला विनोदाची शेपटी तेवढी ऐकवली आहे. कॅमेरा पोचतो तेव्हा शेवटचं वाक्य चालू असतं : मग मी म्हटलं, त्या संदर्भचौकटीत तर बुधाचा उपसूर्य बिंदू उलट्या दिशेने सरकला असता! (संदर्भचौकट म्हणजे आपण कुठून आणि कशाच्या सापेक्ष मोजतो ते.) अलीकडची गोष्ट काय होती, कुणालाच ठाऊक नाही. पण शेपटीतही भरपूर माल आहे.

बुधाची कक्षा चांगलीच लांबट आहे. सूर्याच्या सर्वांत जवळचा बिंदू सुमारे ४.६ कोटी किलोमीटरवर, सर्वांत लांबचा सुमारे ७ कोटींवर. हा जवळचा बिंदू, म्हणजे उपसूर्य, एका जागी राहत नाही. बुध ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने तो हळूहळू पुढे सरकतो. पृथ्वीवरून मोजलं तर शंभर वर्षांत सुमारे ५६०० विकला. (पंचांग पाहणाऱ्यांना सांगायला नको : अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला.)

या ५६०० पैकी सुमारे ५०२५ विकला बुधाच्या नाहीतच. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, वसंतसंपात (सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे जातो तो आकाशातला बिंदू) मागे सरकतो आणि आपण मोजायला सुरुवात तिथूनच करतो. हा निव्वळ संदर्भचौकटीचा हिशेब आहे. विनोदात तो शब्द उगाच आलेला नाही. उरले सुमारे ५७५. त्यातले ५३२ च्या आसपास इतर ग्रहांच्या ओढीने येतात : शुक्राचे २७७, गुरूचे १५३, पृथ्वीचे ९०, बाकी किरकोळ. मागे राहतात ४३. चंद्रबिंबाचे समान ४३ तुकडे केले तर एका तुकड्याएवढा हा कोन, तोही शंभर वर्षांत.

या ४३ नी खगोलशास्त्रज्ञांना अर्धशतकाहून अधिक काळ छळलं. फरक आहे हे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांनी १८५९ मध्ये दाखवलं. त्यांचा आकडा ३८ होता, पुढे न्यूकम यांनी तो ४३ वर आणला. ल व्हेरिए यांनी सूर्य आणि बुध यांच्यामध्ये एक न दिसलेला ग्रह कल्पिला. त्याचं नाव ठेवलं व्हल्कन. (होय, स्पॉकच्या ग्रहाचंही नाव तेच. मूळ रोमन अग्निदेवाचं.) ग्रह काही सापडला नाही. १८ नोव्हेंबर १९१५ रोजी आइन्स्टाइननी बर्लिनमध्ये आपल्या सामान्य सापेक्षता सिद्धान्ताने बुधाचं गणित मांडलं आणि ४३ चा हिशेब लागला. म्हणून आइन्स्टाइन हसतो.

वर्गात हे करून दाखवता येतं. कॅल्क्युलेटर पुरे.

आधी सूर्याचं वस्तुमान लांबीत आणा : गुरुत्वस्थिरांक गुणिले सूर्याचं वस्तुमान, भागिले प्रकाशवेगाचा वर्ग. उत्तर १.४७७ किलोमीटर. त्याला ६ पायने, म्हणजे १८.८५ ने गुणा : २७.८४ किलोमीटर. आता बुधाच्या कक्षेचा अर्धा दीर्घ अक्ष घ्या, ५.७९१ कोटी किलोमीटर. उत्केंद्रता (कक्षा किती लांबट ते सांगणारा आकडा) ०.२०५६. तिचा वर्ग एकातून वजा केला की ०.९५७७. या दोन्हींचा गुणाकार ५.५४६ कोटी किलोमीटर. २७.८४ ला त्याने भागा. एका फेरीत उपसूर्य ०.००००००५०२ रेडियन (कोनाचं एकक) सरकतो; शून्यं मोजत बसण्यापेक्षा '५.०२ भागिले एक कोटी रेडियन' असं लिहायला सांगा. मुलं इथेच सर्वाधिक चुकतात. रेडियनच्या विकला करायला २,०६,२६५ ने गुणा : फेरीला ०.१०३५ विकला. बुधाची फेरी ८७.९७ दिवसांची, म्हणून शंभर वर्षांत ४१५.२ फेऱ्या. गुणाकार ४२.९७.

कुणाचं उत्तर ४१.२ आलं तर त्याने उत्केंद्रतेचा भाग गाळला आहे. १०.३५ आलं तर त्याने शंभर वर्षांत शंभरच फेऱ्या धरल्या, बुधाचं वर्ष आपल्याएवढं समजला. उत्तर हजारपटीने चुकलं असेल तर एका जागी मीटर आणि दुसऱ्या जागी किलोमीटर.

आता 'उलट्या दिशेने' म्हणजे काय? सापेक्षतेमुळे येणारं सरकणं कायम ग्रहाच्या फिरण्याच्या दिशेनेच असतं. सूर्य ध्रुवांपाशी किंचित चपटा असल्याचा परिणामही त्याच दिशेचा. सूर्यमालेकडे दक्षिणेकडून पाहिलं तर सरकणं उलटं भासेल खरं, पण मग बुधही उलटाच फिरताना दिसेल. ग्रहाच्या चालीच्या विरुद्ध सरकायला दुसरंच काही लागतं, जसं कक्षेच्या आत आणि आसपास विरळ पसरलेलं वस्तुमान. तेव्हा विनोद करणाऱ्याने भलत्याच चौकटीत जाऊन हास्यास्पद निष्कर्ष काढणाऱ्या कुणाची तरी टोपी उडवली असणार. फार भारी विनोद आहे असा आमचा दावा नाही. पण तो चुकीचा नाही, आणि टीव्हीवरच्या विज्ञानाला एवढं फार क्वचित म्हणता येतं.

प्रश्न : त्या प्रसंगात न्यूटनला अगदीच चिडका आणि बावळट दाखवलं आहे. हा अन्याय नाही का? (मडगाव)

चिडका म्हणणं अन्याय नाही. जर्मन गणिती लायब्निट्सशी कलनशास्त्राच्या (कॅल्क्युलसच्या) श्रेयावरून वाद झाला तेव्हा रॉयल सोसायटीच्या समितीचा १७१२ चा निवाडा न्यूटननी पडद्याआडून स्वतःच लिहिला होता. हा गृहस्थ पत्त्यांच्या टेबलावर गोड वागला असता असं मानायला जागा नाही.

बावळट मात्र नव्हे, आणि इथे पटकथा घसरते. बुधाचा विनोद त्याच्या डोक्यावरून जातो असं दाखवलं आहे. पण कक्षेचा जवळचा बिंदू कशाने सरकतो, हा प्रश्न 'प्रिन्सिपिया' या आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच खंडात न्यूटननी सोडवला आहे. ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असेल तर बिंदू स्थिर, घातांक दोनवरून जरा हलला की बिंदूही हलला. याच वाटेने जाऊन १८९४ मध्ये अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ असफ हॉल यांनी बुधासाठी २ ऐवजी २.००००००१६ असा घातांक सुचवला होता. न्यूटनला 'संदर्भचौकट' शब्द परका वाटला असता, ४३ विकला ठाऊक नसत्या, पण उपसूर्य उलटा सरकणं म्हणजे काय हे त्या टेबलावर सर्वांत आधी त्यालाच कळलं असतं.

सफरचंदाचीही तीच गत. पडद्यावरचा न्यूटन सफरचंद डोक्यावर पडल्याची बढाई मारतो, हॉकिंग कंटाळतात आणि डेटा म्हणतो, ही गोष्ट बहुधा बनावट मानली जाते. यंत्रमानवाचा इथे अर्धाच अभ्यास झालेला दिसतो. न्यूटनचे मित्र आणि चरित्रकार विल्यम स्टकली यांनी लिहून ठेवलं आहे की १५ एप्रिल १७२६ रोजी जेवण झाल्यावर सफरचंदाच्या झाडांखाली बसले असताना न्यूटननी स्वतः त्यांना सफरचंद पडताना पाहिल्याचं सांगितलं. पडणं न्यूटनच्याच तोंडचं. डोकं तेवढं लोकांनी मधे घातलं.

आणि 'भौतिकशास्त्र मी शोधलं' हे वाक्य त्याच्या तोंडी शोभत नाही. तो ज्याला निसर्गाचं तत्त्वज्ञान म्हणे, ते १६८७ च्या त्याच्या ग्रंथाच्या नावातच आहे. पोकरला तो फालतू खेळ म्हणतो, ते ऐकून मात्र हसू येतं : टांकसाळीचा हा प्रमुख १७२० मध्ये साउथ सी कंपनीच्या शेअरमध्ये पैसे बुडवून बसला होता.

आइन्स्टाइनही सुटलेला नाही. बोलीचा हिशेब चुकतो आणि हॉकिंग त्याला साधी बेरीज येत नाही का म्हणून टोकतात. 'आइन्स्टाइन गणितात कच्चा' ही दंतकथा अजून कशी तग धरून आहे कोण जाणे. पंधरा पूर्ण होण्याआधी कलनशास्त्र येत होतं त्याला. टेबलावर जो जिवंत होता त्याच्याच वाट्याला सगळे चांगले संवाद गेले, हे साहजिक आहे. मेलेल्यांच्या वतीने सेटवर कुणी हरकत घेत नाही.

प्रश्न : हॉकिंगना शेवटी चार सारखे पत्ते लागतात. हे किती दुर्मीळ? आणि ते खरोखर पैजा लावत का? (पुणे)

पत्त्यांचा भाग सोपा. ५२ पानांतून पाच पानांचे २५,९८,९६० वेगवेगळे हात होतात. त्यात चार सारखी पानं असलेले हात ६२४. म्हणजे सरळ पाच पानं वाटली तर ४१६५ हातांत एकदा. पानं बदलायची मुभा असेल तर शक्यता वाढते. तुलना हवी तर दिवाळीतली तीन पत्ती घ्या : ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं, लागायची शक्यता ४२५ त एक. हॉकिंगचा हात त्याच्या जवळजवळ दहापट दुर्मीळ.

पैजांच्या बाबतीत खरे हॉकिंग पडद्यावरच्या हॉकिंगच्या अगदी उलट. सिग्नस एक्स-१ (आकाशातला क्ष-किरणांचा एक स्रोत) हे कृष्णविवर नाही, अशी पैज त्यांनी १९७४ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांच्याशी लावली. ते असावं असंच त्यांना मनातून वाटत होतं, त्यामुळे हा विमा होता : आयुष्यभराचं काम फुकट गेलं तर निदान पैज तरी जिंकू. १९९० मध्ये त्यांनी हार मान्य केली. कृष्णविवरात गेलेली माहिती कायमची नष्ट होते, ही १९९७ सालची जॉन प्रेस्किल यांच्याबरोबरची पैज २००४ मध्ये सोडली आणि बेसबॉलचा ज्ञानकोश दिला. हिग्ज बोसॉन हा मूलकण सापडणार नाही यावर लावलेले १०० डॉलर २०१२ मध्ये गेले.

डावातला शेवटचा टोला या पार्श्वभूमीवर ऐका. आइन्स्टाइन म्हणतो, अनिश्चिततेचं तत्त्व आता तुझ्या कामी येणार नाही. हॉकिंग म्हणतात, पुन्हा चुकलास. अणूंच्या सूक्ष्म जगाचा हिशेब शक्यतांवर मांडणारं पुंजभौतिकी (क्वांटम) आणि त्यातला तो जुगार आइन्स्टाइनला शेवटपर्यंत पटला नाही आणि हॉकिंगचं नाव झालं ते कृष्णविवराला तेच पुंजभौतिकी लावून. टोला पत्त्यांवर नाही.

प्रश्न : असे आणखी कुणी शास्त्रज्ञ? (इंदूर)

आहेत, पण बहुतेक हजेरी लावून गेलेले. नील डिग्रास टायसन आणि बिल नाय २००८ मध्ये 'स्टारगेट अटलांटिस'च्या एका भागात स्वतः म्हणून आले. त्याच वर्षी रिचर्ड डॉकिन्स 'डॉक्टर हू'मध्ये क्षणभर दिसले. त्याच मालिकेत २०१० मध्ये पॅट्रिक मूर आणि २०१२ मध्ये ब्रायन कॉक्स. हॉकिंगनी पुढे 'फ्यूचरामा' या विज्ञानकल्पित व्यंगचित्र मालिकेलाही आवाज दिला.

'स्टार ट्रेक'पुरतं एक पुढे जोडून ठेवा. १९९४ च्या अखेरच्या भागात दाखवलेल्या भविष्यात डेटा केंब्रिजला लुकाशियन प्राध्यापक (गणिताचं एक मानाचं पद) झालेला आहे. न्यूटन या पदावर १६६९ ते १७०२, हॉकिंग १९७९ ते २००९. म्हणजे त्या टेबलाशी एकाच खुर्चीचे तीन धनी बसले होते. ती नसलेला एकटा आइन्स्टाइन, आणि बोली लावून हरतो तोच.

प्रश्न : मी दिवाळी अंकासाठी कथा लिहीत आहे. १९८० साली हॉकिंग पुण्याला आयुकात येतात, नारळीकरांना भेटतात आणि आपल्या यंत्राच्या आवाजात एक भाकीत करतात. यात काही खटकतं का? (चिंचवड)

तीन गोष्टी खटकतात, तिन्ही तारखेच्या.

आयुका, म्हणजे पुण्यातली खगोलशास्त्राची संस्था, १९८८ मध्ये स्थापन झाली. १९८० मध्ये नारळीकर मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. आणि हॉकिंगकडे तेव्हा यंत्राचा आवाज नव्हता. चाकांची खुर्ची होती, पण बोलत ते स्वतःच्याच तोंडाने. बोलणं इतकं अस्पष्ट झालेलं की जवळच्या थोड्यांनाच कळे, आणि व्याख्यानात दुसरा कुणीतरी ते पुन्हा मोठ्याने सांगे. लेखकाला हे यंत्रापेक्षा जास्त उपयोगी आहे : भाकीत नेमकं काय होतं, यावर ऐकणारे दोघे भांडू शकतात.

यंत्र हवंच असेल तर कथा १९८५ नंतर आणा. २००५ च्या आसपासपर्यंत हातातला खटका ठेवा. त्यानंतर हाताने साथ सोडली आणि चष्म्याला लावलेला संवेदक गालाच्या स्नायूची हालचाल टिपू लागला. ते डोळ्यांनी टाइप करत, असं बरेच जण लिहितात, ते चूक. गालाच्या खटक्यावर वेग पुढेपुढे मिनिटाला एक-दोन शब्दांवर आला होता, तेव्हा त्या काळात त्यांच्या तोंडी ताडकन उत्तर घालू नका. हवं तर प्रश्न आदल्या दिवशी पोचलेला दाखवा. आणि मुंबईच हवी असेल तर खरी तारीख हाताशी आहे : जानेवारी २००१, टाटा संस्थेने भरवलेल्या स्ट्रिंग सिद्धान्ताच्या परिषदेला हॉकिंग आले होते आणि ८ तारखेला त्यांचा ५९ वा वाढदिवस मुंबईतच झाला.

दोघांच्या भेटीत ठिणगी पाडायची तर ती शोधून काढायला नको. हॉकिंगना केंब्रिजला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली काम करायचं होतं, मिळाले डेनिस शामा. हॉइल यांचे विद्यार्थी नारळीकर. जून १९६४ मध्ये हॉइल यांनी रॉयल सोसायटीत गुरुत्वाकर्षणाचा हॉइल-नारळीकर सिद्धान्त मांडला, तेव्हा २२ वर्षांचे हॉकिंग उभे राहिले आणि त्यातली एक राशी अनंत होते म्हणाले. कशावरून, असं हॉइलनी विचारलं. मी गणित केलं, हे उत्तर. ते आकडे हॉकिंगनी नारळीकरांकडेच आधी पाहिले होते.

नारळीकरांच्या तोंडी शब्द घालताना एक सांभाळा : त्यांच्या विज्ञानकथा आणि लेख मराठीत भरपूर आहेत, तेव्हा ते कसं बोलतील हे तुमच्या वाचकाला पाठ आहे. स्वतः त्यांनी उलट केलं होतं. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे आपलीच आद्याक्षरं उलटी करून. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं.

न्यूटन आणि आइन्स्टाइन तर तुमच्या घरापासून तासाभरावर आहेत. आयुकाच्या आवारात आर्यभट आणि गॅलिलिओ यांच्याबरोबर दोघांचे पुतळे आहेत. कथेत आयुका आणणारच असाल तर एकदा जाऊन कोण कुठे बसलं आहे ते टिपून या, आणि साल १९८८ च्या पुढचं घ्या.